फॉरवर्ड करण्याआधी थांबायचं कसं? हे शाळेची लायब्ररी शिकवू शकते, आणि बिहारमध्ये ते करून बघितलंय

१ जुलै २०१८, रविवारचा दिवस. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात आठवडी बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातले, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण त्या दिवशी गावात आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हे या समाजाचं पिढ्यानपिढ्यांचं जगणं. पण त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर एकच मेसेज फिरत होता, 'मुलं पळवणारी टोळी आलीय, सावध राहा.' जमावानं या पाच जणांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं.

टोळी वगैरे काही नव्हतीच.

त्या काळात देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक तुमच्याही फोनवर आला असेल. मोटरसायकलवरून दोघं जण येतात, गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलतात आणि पसार होतात. हा व्हिडिओ भारतातला नव्हताच. तो होता पाकिस्तानातल्या कराचीचा, आणि तोही खऱ्या अपहरणाचा नाही. पालकांना जागं करण्यासाठी केलेली ती जाहिरात होती. मूळ व्हिडिओत शेवटी ते दोघं पोराला परत आणून सोडतात आणि सूचनेची पाटी दाखवतात. कुणीतरी तेवढा शेवट कापला आणि उरलेला तुकडा सोडून दिला.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा घातली. बटणावर मर्यादा घालणं कंपनीच्या हातात होतं. पण 'हे पाच जणांना तरी का पाठवायचं?' हा प्रश्न फोन धरणाऱ्याच्या डोक्यात यायला हवा, आणि तो कंपनी घालू शकत नाही.

मग तो शिकवायचा कुठं आणि कुणी? जगभरात यावर बरंच काम झालंय. त्यातून पुढं आलेलं एक उत्तर ऐकायला अगदी साधं वाटतं, ते म्हणजे हायस्कूलची लायब्ररी.

माहिती साक्षरता म्हणजे काय रे भाऊ?

साक्षर म्हणजे ज्याला लिहिता-वाचता येतं तो, हे आपल्याला माहिती आहे. माहिती साक्षरता त्याच्या पुढची पायरी. आपल्याला नेमकी कोणती माहिती हवीय ते ओळखता येणं, ती शोधता येणं, मिळालेली माहिती भरवशाची आहे का ते पारखता येणं आणि मग ती नीट वापरता येणं, या चार गोष्टी त्यात येतात.

हा शब्द इंटरनेटच्या जमान्यातला वाटतो, पण तो त्याच्या आधीचा आहे. १९७४ साली अमेरिकेत पॉल झुर्कोव्स्की यांनी तो पहिल्यांदा वापरला. १९८९ साली तिथल्या ग्रंथालय संघटनेच्या एका समितीनं त्यावर अहवाल दिला, तेव्हाही घराघरात इंटरनेट नव्हतं. म्हणजे ग्रंथपाल मंडळी या प्रश्नावर गुगल जन्माला येण्याआधीपासून डोकं खाजवतायत.

तंत्रज्ञान साक्षरता ही तिची सख्खी बहीण. फोन किंवा कॉम्प्युटर चालवता येणं हा तिचा एक भाग झाला. ते यंत्र आपल्यासमोर काय आणून ठेवतं, कशासाठी ठेवतं आणि बदल्यात आपल्याकडून काय घेतं, हे कळणं हा दुसरा.

पोरांना तर फोन आपल्यापेक्षा जास्त येतो की!

येतोच. 'असर २०२४' हा देशाच्या ग्रामीण भागातल्या मुलांचा सर्वे आहे. त्यात १४ ते १६ वयाच्या ८२.२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांच्यापैकी ५७ टक्के मुलांनी मागच्या आठवडाभरात अभ्यासासाठी फोन वापरला होता, तर सोशल मीडियासाठी ७६ टक्के मुलांनी.

म्हणजे फोन चालवायला शिकवण्याची गरज फारशी उरलेली नाही. अडचण पुढची आहे.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटानं २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. माध्यमिक शाळेपासून कॉलेजपर्यंतच्या मुलांनी सोडवलेली ७,८०४ उत्तरं त्यांनी तपासली. एका वेबसाईटच्या पानावर बातम्या आणि जाहिराती शेजारी शेजारी होत्या. बातमीसारख्या दिसणाऱ्या एका मजकुरावर 'प्रायोजित' असं स्पष्ट लिहिलं होतं. तरी माध्यमिक शाळेतल्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांनी ती जाहिरात खरी बातमी समजली.

२०१९ मध्ये याच गटानं हायस्कूलच्या ३,४४६ मुलांना एक धूसर व्हिडिओ दाखवला. अमेरिकेतल्या निवडणुकीत मतपेट्यांत बोगस मतं टाकतायत, असा त्यात दावा होता. निम्म्याहून जास्त मुलांना तो भक्कम पुरावा वाटला. व्हिडिओ होता रशियातला. मुलांच्या हातात इंटरनेट होतं, दोन मिनिटांत सर्च करून ते कळलं असतं. पण शोधायला हवं हेच बहुतेकांच्या डोक्यात आलं नाही.

कराचीच्या व्हिडिओची आठवण झाली ना? जागा वेगळी, भाषा वेगळी, चूक मात्र तीच.

मग हुशार माणसं काय वेगळं करतात?

स्टॅनफर्डच्याच सॅम वाईनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी यासाठी एक प्रयोग केला. त्यांनी पीएचडी झालेले १० इतिहासकार, १० व्यावसायिक फॅक्टचेकर आणि स्टॅनफर्डचे २५ विद्यार्थी निवडले. सगळ्यांना बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांच्या वेबसाईट दाखवल्या. एक देशातली मोठी, जुनी, मान्यताप्राप्त संघटना. दुसरी तिच्यातूनच फुटून निघालेला, ठरावीक मतांचा प्रचार करणारा छोटा गट. नावं जवळपास सारखी आणि दोन्ही वेबसाईट दिसायला चकाचक. प्रश्न एवढाच होता की भरवसा कुणावर ठेवाल?

बहुतेक विद्यार्थी फसले. काही इतिहासकारही चाचपडले. फॅक्टचेकरनी मात्र पटकन ओळखलं.

फरक कशानं पडला? विद्यार्थी आणि इतिहासकार समोरचं पान वरून खालपर्यंत वाचत बसले. लोगो बघितला, भाषा बघितली, खाली दिलेले संदर्भ बघितले. फॅक्टचेकरनी पान नीट वाचलंही नाही. त्यांनी लगेच शेजारी नवीन टॅब उघडला आणि 'ही संघटना कोण आहे, तिच्याबद्दल इतर लोक काय म्हणतात' ते शोधलं.

याला 'आडवं वाचन' म्हणता येईल. मुलगी द्यायची तर आपण मुलाकडच्या मंडळींच्या बोलण्यावर विसंबून राहतो का? गावात चार ठिकाणी चौकशी करतो, शेजाऱ्याला विचारतो. वेबसाईटचंही तेच आहे. स्वतःबद्दल ती चांगलंच सांगणार, म्हणून विचारायचं शेजाऱ्याला.

पण हे लायब्ररीतच का शिकवायचं?

शाळेत कॉम्प्युटरचा तास असतो, मग तिथं का नको, असा प्रश्न पडू शकतो.

कॉम्प्युटरच्या तासाला टायपिंग, स्प्रेडशीट, प्रेझेंटेशन असं यंत्र चालवणं शिकवतात. इतिहासाच्या सरांना इतिहासाचा पोर्शन संपवायचा असतो आणि विज्ञानाच्या बाईंना विज्ञानाचा. 'हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुणी छापलं आणि त्याला कशाचा आधार आहे?' हे विचारणं कुठल्याच विषयाच्या वाट्याला येत नाही. शाळेत एकाच माणसाचं हे रोजचं काम असतं, ते म्हणजे ग्रंथपालांचं.

पुस्तक लायब्ररीत आलं की नोंदवहीत काय लिहितात? लेखक, प्रकाशक, आवृत्ती, वर्ष. मेसेज फॉरवर्ड करण्याआधी विचारायचे प्रश्न हेच. कुणी लिहिलं? पहिल्यांदा कुठं आलं? कधीचं आहे? शेवट कापलेला तर नाही ना? जुनं कौशल्य आहे, फक्त कागदावरून स्क्रीनवर आणायचंय.

दुसरं कारण मार्कांचं. लायब्ररीच्या तासाला परीक्षा नसते. त्यामुळं मुलगा न घाबरता म्हणू शकतो, 'मॅडम, मला हे खरं वाटलं होतं.' चूक कबूल करता आली तरच ती सुधारते. जिथं चुकलं की मार्क कापतात, तिथं कबुली कोण देणार?

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यानं २०२३ च्या जानेवारीत बालवर्गापासून बारावीपर्यंत माहिती साक्षरता शिकवणं कायद्यानं सक्तीचं केलं. असं करणारं ते तिथलं पहिलं राज्य. काय शिकवायचं हे ठरवताना शालेय ग्रंथपालांना सोबत घ्यायचं, हे त्या कायद्यातच आहे.

आता येऊ बिहारवर

अमेरिकेतलं आपल्याकडं कसं चालेल, असं म्हणणाऱ्यांनी हा भाग नीट वाचा.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात सुमित्रा बद्रीनाथन या संशोधकानं बिहारमध्ये एक प्रयोग केला. सुमारे १,२०० लोकांना प्रत्यक्ष भेटून तासाभराचं प्रशिक्षण दिलं. खोटी बातमी कशी ओळखायची, फोटो कसा तपासायचा, सगळं सांगितलं. निकाल काय? एकूण गटावर फारसा फरक पडला नाही. लोकांनी ऐकून घेतलं आणि ते आपल्या जुन्या समजुतींवर परत गेले.

इथं कुणी हात टेकले असते. पण त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचा प्रयोग मोठा केला. या वेळी मोठ्या माणसांऐवजी आठवी ते बारावीच्या वयाची मुलं घेतली. एका तासाऐवजी चार महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. बिहार सरकारच्या 'जीविका' या यंत्रणेला सोबत घेतलं आणि वर्ग भरवले तिच्या ग्रंथालयांमध्ये. ५८३ गावं आणि सुमारे १३,५०० विद्यार्थी. काहींना माहिती पारखायला शिकवलं. तुलनेसाठी बाकीच्यांना इंग्रजीचे वर्ग दिले, म्हणजे कुणी रिकाम्या हातानं परत गेलं नाही.

भर होता आरोग्याबद्दलच्या अफवांवर. निकाल २०२५ मध्ये राज्यशास्त्रातल्या एका नामांकित संशोधन पत्रिकेत आले. हा कोर्स केलेल्या मुलांना खरं आणि खोटं वेगळं करणं जास्त चांगलं जमू लागलं. बेभरवशाच्या स्रोतांवरचं त्यांचं अवलंबून राहणं कमी झालं. चार महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हाही परिणाम टिकून होता. एवढंच नाही, जे वर्गात शिकवलंच नव्हतं त्या राजकीय अफवाही त्यांना जास्त चांगल्या ओळखता येत होत्या.

सगळ्यात भारी गोष्ट पुढं आहे. या मुलांच्या आईवडिलांनाही खरं-खोटं आधीपेक्षा चांगलं ओळखता येऊ लागलं. आईवडील वर्गात बसले नव्हते. पोरांनी घरी जाऊन सांगितलं असणार.

दोन्ही प्रयोग शेजारी ठेवले की धडा सरळ आहे. वर्षातून एकदा बाहेरचा पाहुणा बोलावून 'फेक न्यूजपासून सावधान' असं भाषण ठेवलं, फोटो काढले आणि अहवाल पाठवला, एवढ्यानं काही होत नाही. लहान वयात, पुन्हा पुन्हा, ओळखीच्या जागी आणि ओळखीच्या माणसाकडून शिकवलं तर फरक पडतो. हायस्कूलच्या वेळापत्रकात अशी जागा आधीपासून आहे, तिचं नाव लायब्ररीचा तास.

तासाला नेमकं करायचं काय?

यासाठी चकाचक लॅब लागत नाही. एक फोन, एक फळा आणि काही प्रिंट काढलेले स्क्रीनशॉट पुरतात. नमुन्यादाखल सहा तास असे घेता येतील.

पहिला तास, एक प्रश्न आणि तीन स्रोत. कळसूबाई शिखराची उंची किती? पाठ्यपुस्तकात बघा, मराठी विश्वकोशात बघा, नेटवर बघा. कुठं मीटरमध्ये असेल, कुठं फुटांत. १,६४६ मीटर आणि ५,४०० फूट ही एकच उंची आहे, हे मुलांनीच गणित करून सांगायचं. उत्तरासोबत ते कुठून घेतलं तेही लिहायचं. 'गुगलवर मिळालं' हे उत्तर चालणार नाही, कारण गुगल फक्त पत्ता सांगतं, घर दुसऱ्याचं असतं.

दुसरा तास, आडवं वाचन. 'युनेस्कोनं जन गण मन हे जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत म्हणून जाहीर केलं' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो वाचत बसायचं नाही. युनेस्को असं काही जाहीर करतं का, हे दुसरीकडं जाऊन शोधायचं. उत्तर मिळतं की करत नाही, आणि युनेस्कोनं हा दावा नाकारलेला आहे. आपल्या राष्ट्रगीताचा अभिमान वाटायला असल्या प्रमाणपत्राची गरजही नाही, पण तो मेसेज खोटा आहे. जे ऐकून आपल्याला छान वाटतं तेच तपासायला जिवावर येतं, ही गोष्ट मुलांना इथं कळते.

तिसरा तास, फोटोची जन्मपत्रिका. गुगल लेन्समध्ये फोटो टाकायचा आणि तो सगळ्यात आधी कधी, कुठं आला होता ते बघायचं. पुराचे, दंगलीचे, अपघाताचे जुने फोटो दरवर्षी नवीन म्हणून फिरतात. फोटो खरा असतो, खाली लिहिलेला मजकूर खोटा असतो.

चौथा तास, सर्च कसं चालतं. सगळ्यात वर आलं म्हणजे सगळ्यात खरं असं नसतं. 'प्रायोजित' लिहिलेलं पैसे देऊन आलेलं असतं. एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत शोधली की वेगळे निकाल येतात, हे मुलांना करून बघू द्यावं. विकिपीडिया वाचायचा, पण तळाशी दिलेल्या संदर्भांपर्यंत जायचं.

पाचवा तास, एआय. चॅटबॉटला एखाद्या विषयावरची दहा मराठी पुस्तकं विचारायची. मग ती यादी घेऊन लायब्ररीच्या कॅटलॉगमध्ये आणि प्रकाशकांच्या याद्यांत शोधायची. काही पुस्तकं कुठंच सापडत नाहीत, असं होऊ शकतं. चॅटबॉट वाक्यं जुळवतो आणि कधी कधी नसलेलं पुस्तकही ठणकावून सांगतो. हे भाषणात सांगून जेवढं पटत नाही, तेवढं रिकाम्या कपाटासमोर उभं राहून पटतं.

सहावा तास, पैसा आणि खासगीपणा. यूपीआयवर पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, पिन फक्त देताना लागतो. 'डिजिटल अरेस्ट' असा प्रकार भारतीय कायद्यात नाही. कुणी फसवलं तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करायचा. प्रोफाइल कुणाला दिसतं, अ‍ॅप कोणकोणत्या परवानग्या मागतं, हे आपल्याच फोनमध्ये उघडून बघायचं. ही माहिती घरी पोचली तर आजोबांची पेन्शन वाचू शकते.

एक धोका लक्षात ठेवा

'कशावरच विश्वास ठेवू नका' हे शिकवणं म्हणजे माहिती साक्षरता नाही. सगळंच खोटं वाटायला लागलं की माणूस डॉक्टरचंही ऐकत नाही, वादळाचा खरा इशाराही उडवून लावतो आणि शेवटी आपल्या गटातला जो मोठ्यानं बोलेल त्याचं मानतो. खोटं ओळखता यायला हवं तसं खरंही ओळखता यायला हवं. म्हणूनच या तासांमध्ये खरे मेसेजही मिसळायचे आणि 'हे खरं निघालं' असं म्हणायची संधी मुलांना द्यायची.

आपल्याकडं अडतंय कुठं?

खरं सांगायचं तर बऱ्याच शाळांत लायब्ररी म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं कुलूपबंद कपाट. फाटलं तर भरपाई कोण देणार, म्हणून पुस्तकं बाहेर काढतच नाहीत. पूर्णवेळ ग्रंथपाल मोठ्या पटाच्या शाळांनाच मिळतो, आणि तोही ऑनलाइन माहिती भरणं, दाखले, ऑफिसची कामं यातच अडकतो. लायब्ररीचा तास वेळापत्रकात असतो, पण राहिलेला पोर्शन पूर्ण करायला गणिताचे सर तो मागून घेतात.

ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा त्यातला पहिला. जवळपास शंभर वर्षं होत आली, तरी कपाटाच्या किल्ल्या अजून खिशातच आहेत.

तुम्ही काय करू शकता?

तुमची मुलं हायस्कूलमध्ये असतील तर पुढच्या पालकसभेत दोनच प्रश्न विचारा. लायब्ररीचा तास खरंच होतो का? आणि त्या तासाला माहिती तपासायला शिकवता येईल का? ग्रंथपाल नसतील तर हे काम आवडीनं करणारे एखादे शिक्षक पुरेसे आहेत. माजी विद्यार्थी असाल तर शाळेला संगमरवरी पाटीऐवजी या तासासाठी एक टॅब आणि इंटरनेटचा वर्षाचा खर्च द्या.

आणि घरच्या ग्रुपवर काका, आत्या किंवा आजोबांनी काही पाठवलं तर सगळ्यांसमोर 'हे फेक आहे' म्हणून त्यांचा पाणउतारा करू नका. त्यांना वेगळा मेसेज करा किंवा जवळ बसून म्हणा, 'आजोबा, हे कुठून आलंय ते आपण दोघं बघूया का?' बिहारच्या घरांमध्ये फरक पडला असेल तो असाच कुणीतरी शेजारी बसून दाखवल्यानं.

राईनपाड्याच्या त्या बाजारात गर्दी जमली होती. त्या गर्दीत एखाद्या दहावीच्या पोरानं 'थांबा, हा व्हिडिओ आपल्याकडचा नाहीच' असं म्हटलं असतं तर जमावानं ऐकलं असतं का, हे कुणीच सांगू शकत नाही. पण तो मेसेज तिथपर्यंत पोचण्याआधी हजारो फोनवरून गेला होता, आणि त्यातल्या प्रत्येक ठिकाणी कुणाला तरी थांबता आलं असतं.